राणीच्या नावाचा ठसा

फार पूर्वी, म्हणजे लोक पैसे धोतराच्या नाहीतर लुगड्याच्या गाठीला बांधून फिरत तेव्हा, एका डोंगरी राज्यात भानजी नावाचा एक कारागीर राहत होता. राजाच्या टांकसाळीत, जिथे चांदीची नाणी पाडतात तिथे, तो ठसे कोरायचा. ठसा म्हणजे काय ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर मध्येच कोणीतरी विचारणार आणि माझी गोष्ट अडणार.

पोलादाचा एक जाडजूड खुंट घ्यायचा. त्याच्या तोंडावर राजाचं नाव आणि राजाची खूण उलटी कोरायची. मग चांदीची गोल चकती खाली ठेवून तिच्यावर हा खुंट उभा धरायचा आणि वरून हातोड्याचा घाव घालायचा. नाव चांदीत सुलट उमटतं आणि चकतीचं नाणं होतं. ठसा जितका खोल, तितकं नाणं उठावदार आणि तितकं जास्त टिकणारं. पण खोल कोरायचं म्हणजे जीव जातो. पोलाद काही कोणाच्या बापाचं ऐकत नाही, बोटं सोलून निघतात.

त्या राज्यात वाचता येणारी माणसं थोडी. बाकी सगळे नाणं अंगठ्यानं ओळखायचे. गाठीतल्या गाठीत अंगठा फिरवला आणि खूण बोटाला लागली की नाणं खरं. म्हणून तिथे एक रीत होती. ठसा तयार झाला की कारागीर तो मऊ मेणावर दाबायचा, मेण घट्ट झालं की डोळे मिटून त्यावर अंगठा फिरवायचा. त्याच्या अंगठ्याला पटलं तरच ठसा टांकसाळीत जायचा. भानजीच्या घराण्याचा एवढा लौकिक होता की त्यांच्या ठशाला दुसऱ्या कोणी अंगठा लावून पाहणं म्हणजे त्यांचा अपमान समजला जाई. भानजीला या गोष्टीचा भारी अभिमान होता. आणि खोटं कशाला बोलू, हात होतेच त्याचे तसे.

एके वर्षी राजा तापानं वारला. राजपुत्र अजून दुधाचे दात पडायच्या वयाचा. तेव्हा तो मोठा होईपर्यंत कारभार त्याच्या आईनं, लखमादेवी राणीनं बघावा असं ठरलं. राजाचा धाकटा भाऊ होता, त्याला हे अजिबात रुचलं नाही. भर दरबारात तो गोड बोलला, पण बाहेर येऊन त्यानं नाक मुरडलंच. पुतण्याला आपल्याकडे सांभाळायला द्या, असं तो ज्याला त्याला सांगत सुटला. गादीच्या आड येणारे पुतणे काकांकडे सांभाळायला दिले की विहिरीत पडतात, घोड्यावरून पडतात, असं त्या काळी फार व्हायचं. राणीला ते ठाऊक होतं. ती मुलाला नजरेआड होऊ देत नसे.

जो न्याय देतो त्याचं नाव नाण्यावर, असा त्या राज्याचा कायदा होता. म्हणजे आता नाण्यावर राणीचं नाव येणार. तिनं भानजीला बोलावलं, बसायला पाट दिला आणि सांगितलं की माझ्या नावाखाली खूण म्हणून धान्य मोजायची पायली कोरा, काठोकाठ भरलेली. लोकांना सिंह-वाघांशी काय करायचंय, त्यांना माप पुरं मिळालं म्हणजे झालं. चांदीही तिनं नवऱ्याच्या वेळेपेक्षा चोख घालायला लावली. खजिन्यात फार नव्हतं, तर स्वतःचे कमरपट्टे आणि तोडे मुशीत टाकले.

भानजी घरी आला तो धुसफुसत. आमच्या आजा-पणजांनी सिंह कोरले, हत्ती कोरले, आणि मी आता बाईचं नाव आणि घरातली भांडीकुंडी कोरत बसू काय, असं तो आपल्या बायकोला, हिराईला म्हणाला. हिराई भाकरी थापत होती. भांडीकुंडी नसती तर सिंह कोरणाऱ्यांनी खाल्लं कशातून, एवढंच तिनं विचारलं. भानजीनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

नाही म्हणायची त्याच्यात हिंमत नव्हती आणि मन लावून करायची इच्छा नव्हती. अशा वेळी माणूस जे करतो तेच त्यानं केलं. ठसा कोरला, देखणाही कोरला, पण उथळ कोरला. पोलादाला जेमतेम ओरखडे काढावेत तेवढाच. चार वर्षांपुरती तर राणी, मग पोरगा मोठा होईल, तेव्हा दाखवीन माझा हात, असं त्यानं स्वतःला समजावलं. मेणावर ठसा दाबला तर पायलीतला दाणा न् दाणा दिसत होता. डोळ्यांना सुंदर होतं ते. डोळे मिटून त्यानं अंगठा फिरवला आणि अंगठ्याला काहीच लागलं नाही. त्यानं डोळे उघडले आणि मेण रुमालात गुंडाळून राणीकडे नेलं.

राणीनं मेण हातात घेतलं. ती बराच वेळ बघत राहिली. आपलं नाव असं कुठे लिहिलेलं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. तिचा अंगठा मेणाजवळ गेला होता. पण भानजीच्या घराण्याचा मान तिला माहीत होता, म्हणून तिनं हात मागे घेतला.

"भानजी, तुमच्या अंगठ्याला पटलं ना?" तिनं विचारलं.

"पटलं, आईसाहेब," भानजी म्हणाला.

"मग मला पटलं."

झालं. भानजी मुजरा करून बाहेर पडला. पायऱ्या उतरताना त्याला थोडं कसंसंच झालं, पण बाहेर ऊन छान पडलं होतं आणि ओळखीचे लोक भेटत होते, तेव्हा ते कसंसं वाटणं गेलं.

नाणी पडली, बाजारात गेली. सुरुवातीला लोकांनी कौतुक केलं. पण नाणं काही देव्हाऱ्यात बसत नाही. ते गाठीत घासतं, पेटीत घासतं, मिठाच्या, तेलाच्या, घामाच्या हातांतून फिरतं. एक पावसाळा गेला, दुसरा आला, आणि राणीची पायली नाण्यावरून पुसली गेली. नाव तर त्याआधीच गेलं होतं. पोरं त्या नाण्यांना टकली म्हणायला लागली.

टकलं नाणं घ्यायला व्यापारी कुरकुर करू लागले. मग लबाड लोक जागे झाले. शिशाच्या गुळगुळीत चकत्यांना वरून चांदीचा हात द्यायचा आणि टकली म्हणून खपवायच्या, असा धंदा सुरू झाला. अंगठ्याला दोन्ही सारखीच लागायची, म्हणजे काहीच लागायचं नाही. वजनाचा काटा सावकाराकडे असतो, डोंगरातल्या माणसाकडे नसतो. त्यामुळे सावकार वाचले आणि डोंगरातली माणसं बुडाली.

एक दिवस हिराई बाजारातून रिकामी पिशवी घेऊन आली. तेल्यानं तिचं नाणं परत ढकललं होतं. तिनं ते नवऱ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "अहो, हा तुमचा हात नाही."

चांदीच मऊ आहे, त्याला मी काय करणार, असं भानजी पुटपुटला. हिराईनं आपल्या सासऱ्या-आजेसासऱ्यांच्या वेळची नाणी लग्नात ओटीत घेतली होती, त्यांची चांदी याहून मऊ होती आणि त्यांच्यावरचे सिंह अजून बोटाला टोचत होते. ती नाणं उचलून चुलीकडे वळली. त्या दिवसापासून ती त्याला वाढायची, विचारपूस करायची, सगळं करायची, फक्त त्याच्या कामाबद्दल एक अक्षर काढायची नाही. पूर्वी शेजारणींना ती नवऱ्याचे ठसे मिरवून सांगायची, तेही बंद झालं. भानजीला ते फार लागलं. ओरडली असती तर त्याला उलट ओरडता तरी आलं असतं.

तिकडे धाकट्या राजेसाहेबांना आयतं कोलीत मिळालं. राणीनं चांदीत भेसळ केली, मधला पैसा माहेरी पाठवला, असं त्यांनी गावोगाव पेरलं. त्या राज्यात आणखी एक कायदा होता. बाजारानं ज्याचं नाणं नाकारलं, त्यानं चौकात येऊन लोकांना जाब द्यायचा, आणि जाब पटला नाही तर कारभार सोडायचा. राणीनं कारभार सोडला तर तो जाणार दिराकडे, आणि कारभाराबरोबर मुलगाही.

जाबाचा दिवस ठरला. चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. राणी पालखीतून न येता चालत आली, मुलाचा हात तिच्या हातात होता. मुलाला वाटत होतं जत्रा आहे. तो इकडेतिकडे बघून हसत होता. भानजी गर्दीत मागे एका खांबाला टेकून उभा होता. आपल्याला कोणी काही विचारणार नाही याची त्याला खात्री होती, कारण त्याच्या ठशाला नावं ठेवायचं कोणाच्या डोक्यातच येत नव्हतं.

राणीनं आधी सगळ्यांसमोर भट्टी पेटवून मूस चढवायला लावली. मग पोतदाराला, म्हणजे चांदीचा कस बघणाऱ्या अधिकाऱ्याला, पुढे बोलावलं. त्यानं लोकांच्याच हातून टकली नाणी घेऊन वितळवली, कस काढला आणि सांगितलं की शिशाची सोडली तर बाकीची चांदी चोख आहे, थोरल्या महाराजांच्या वेळेपेक्षाही चोख.

लोकांत कुजबुज झाली. धाकटे राजे पुढे आले. मग ही चोख चांदी ओळखू का येत नाही, असं त्यांनी मोठ्यानं विचारलं. भेसळ नसेल तर ठसा खोटा असेल, आणि खोटा ठसा कोरणाऱ्याचा अंगठा तोडतात. बोलवा त्या भानजीला, नाहीतर म्हणा की तुम्हीच त्याला तसं सांगितलंत.

आता बघा. राणीला भानजीचं नाव घेऊन मोकळं होता आलं असतं. टकल्यांची ओरड झाल्यावर तिनं ठसा मागवून पाहिला होता, तो उथळ आहे हे तिला कळलं होतं. मुलगा तिच्या पदराला धरून उभा होता.  भानजीचे पाय पळायला बघत होते, पण गर्दी इतकी की हलता येईना.

राणी म्हणाली, "ठसा उथळ आहे, खरं आहे. पण तो मी पाहून घेतला होता. अंगठा लावून बघायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही. भानजींचं वय झालंय. महाराज गेले तेव्हा ते ओक्साबोक्शी रडले होते, मी पाहिलंय. त्या दुःखात त्यांचा हात थकला असेल. म्हाताऱ्या माणसाचा अंगठा मागू नका. चूक माझी धरा."

भानजी महाराज गेले तेव्हा रडला होता हे खरं होतं. आणि त्याच हातांनी, अजिबात न थकलेल्या हातांनी, त्यानं तिचं नाव ओरखडून ठेवलं होतं हेही खरं होतं. तिनं त्याच्यासाठी एक चांगलं कारण शोधून ठेवलं होतं, स्वतःचा मुलगा पणाला लावून. ते कारण ऐकून लोकांना त्याची दया आली. शेजारच्या एका कोष्ट्यानं त्याला ओळखलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, असू दे बाबा, होतं वयानं. भानजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या दिल्या असत्या तर त्यानं सोसल्या असत्या. तो दयेचा हात त्याला सोसवेना. त्यानं तो खांद्यावरून काढला आणि गर्दीतून वाट काढत पुढे गेला.

राणीकडे बघायचं धैर्य त्याला झालं नाही. तो जमिनीकडे बघूनच बोलला.

"माझा हात थकला नव्हता. मी मुद्दाम उथळ कोरलं. बाईचं नाव कोरायची मला लाज वाटली म्हणून. आईसाहेबांनी मला विचारलं होतं, अंगठ्याला पटलं का. मी पटलं म्हणालो. खोटं बोललो."

 तो कोष्टी आपल्या हाताकडे बघत राहिला. हिराई बायकांच्या घोळक्यात उभी होती, तिनं पदर तोंडावर ओढून घेतला. भानजीनं ते पाहिलं. त्याला वाटलं आता धरणी दुभंगावी, पण धरणीला तेवढीच कामं नसतात.

धाकटे राजे अंगठ्यासाठी हटून बसले. पण लोकांना जाब पटला होता. राणीची चांदी खरी होती, राणीचा शब्दही खरा होता, आणि धाकट्या राजांनी पसरवलेली गोष्ट तेवढी खोटी निघाली होती. लोक त्यांच्याकडे असे काही बघू लागले की त्यांना एकाएकी पुढच्या गावातलं एक लग्न आठवलं आणि ते निघून गेले. मुलगा आईजवळ राहिला. एवढं तरी चांगलं झालं.

मग राणी भानजीकडे वळली. ती रागावली होती, आणि तिनं ते लपवलं नाही. म्हणाली, "तुमचा अंगठा तोडून कोणाच्या गाठीतलं नाणं परत येणार आहे? ठसा पुन्हा कोरा. आणि नवी नाणी पडली की या चौकात स्वतः बसा. टकलं नाणं घेऊन जो येईल त्याला तुमच्या हातानं बदलून द्या. चांदीला चांदी मिळेल. शिशाला काही देता येणार नाही, खजिन्यात तेवढं नाही. तेही तुम्हीच त्यांना सांगा."

भानजीनं ठसा कोरला. बोटं सोलून निघेपर्यंत कोरला. मेण घेऊन तो राणीकडे गेला तेव्हा तिनं त्याला काहीच विचारलं नाही. डोळे मिटले, अंगठा फिरवला, पुन्हा एकदा फिरवला आणि मान हलवली. तो अपमान होता की नाही, यावर भानजीनं विचार केला नाही. तो विचार करायचा हक्क आपण घालवला, एवढं त्याला कळत होतं.

मग तो चौकात बसला. समोर एका बाजूला तराजू, दुसऱ्या बाजूला नवी नाणी. लांबून लांबून माणसं येत होती. तो त्यांचं टकलं नाणं तोलायचा, चांदीचं असलं तर नवं द्यायचा. लोक नवं नाणं घेऊन, त्याच्या तोंडासमोर, अंगठ्यानं घासून बघायचे. कोणी वाईट बोलायचं नाही. फक्त बघायचे. मग जायचे. जे शिसं घेऊन आले होते त्यांना तो सांगायचा की याचं काही मिळणार नाही, आणि सांगताना दरवेळी त्याचे कान तापायचे. काही जण भांडले. ते बरे, असं त्याला वाटलं. काही जण नुसतेच मुकाट्यानं परत गेले.

दुपार कलली तेव्हा एक म्हातारी पुढे आली. वरच्या वाडीवरून पायी आली होती. तिनं लुगड्याची गाठ सोडवायला बराच वेळ लावला, गाठ घट्ट होती. आतून एकच नाणं निघालं. भानजीनं ते हातात घेतलं आणि तराजूत घालायच्या आधीच त्याला कळलं. तरी त्यानं घातलं. पारडं जिथे जायला हवं तिथे गेलं नाही.

त्यानं सांगितलं, "आजी, हे शिसं आहे."

"नाही रे बाबा," म्हातारी समजावल्यासारखी म्हणाली. "राणीचं नाणं आहे ते. शेळी विकून घेतलंय मी. दुभती होती."

भानजीनं पुन्हा सांगितलं. शिसं म्हणजे काय, ते लोकांनी कसं खपवलं, चांदीला चांदी मिळते आणि शिशाला का नाही, सगळं सांगितलं. म्हातारीनं नीट ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं, "मग माझी शेळी?"

 मागच्या माणसांनी माना वळवल्या. ती नुसती विचारत होती, आवाजही चढवला नव्हता, आणि उत्तरासाठी थांबली होती.

"ठसा मी कोरला होता, आजी. तुझ्या अंगठ्याची चूक नाही. मी वाईट कोरला," तो म्हणाला.

त्यानं कमरेची गाठ सोडली. त्याच्या स्वतःच्या मजुरीचं नवं नाणं तिच्यात होतं. ते त्यानं दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं. मनात कुठेतरी त्याला वाटलं की आता ती दोन चांगले शब्द बोलेल. माणसाचं मन मोठं लबाड असतं, शरमेतसुद्धा ते काहीतरी मिळवायला बघतं.

म्हातारीनं नाणं घेतलं.  तिनं डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवला. पायली लागली, भरलेली, दाणा न् दाणा. तरी तिचं समाधान होईना. तिनं ते दातांत धरून पाहिलं. मग मागे उभ्या असलेल्या अनोळखी माणसाकडे वळली आणि ते त्याच्या हातात देऊन म्हणाली, "जरा बघ रे तू. हा म्हणतो खरं आहे."

तो माणूस बघून होईपर्यंत भानजी हात जोडून बसून राहिला.

आता तात्पर्य, कारण ते ऐकल्याशिवाय तुमच्यातला एकही उठणार नाही. तात्पर्य: एखाद्याचा मान आपल्याला खुपतो म्हणून आपण आपलं काम बिघडवलं, तर त्याचा भुर्दंड ज्याचा काही संबंध नाही अशा गरिबाला पडतो, आणि कबूल केलं की शिक्षा टळते कधीकधी, पण गेलेला विश्वास मागून मिळत नाही, तो लोकांना पुन्हा पुन्हा तपासू द्यावा लागतो.